गच्चीतली उष्णता, राखेचं काँक्रीट आणि रात्रपाळीची वाफ

मे महिन्यात टॉप फ्लोअरला राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आम्ही कोपरखैरण्यात सिडकोच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, रात्री अकराला पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येते, सूर्य मावळून चार तास झालेले असतात, खाडीवरून वारा सुटलेला असतो, खाली रस्त्यावर बरं वाटत असतं पण घरात मात्र घामाच्या धारा. आईच्या कुरडया उचलायला जेवणानंतर गच्चीवर अनवाणी गेलं तर पायाला फरशी तेव्हाही चांगली गरम लागते. दिवसभर स्लॅबने ऊन पिऊन ठेवलेलं असतं आणि रात्रभर तो ते सावकाश परत देत बसतो, आपल्याला नको असताना.

हेच मुद्दाम केलं तर? म्हणजे काँक्रीटचा एक मोठा ठोकळा घ्यायचा, तो दिवसा सूर्याच्या जोरावर चारशे अंशापर्यंत तापवायचा, बाहेरून जाड पांघरूण घालायचं आणि रात्री हवी तेव्हा त्यातली उष्णता काढून घ्यायची. कल्पना एवढीच आहे. पण तो ठोकळा कशाचा करायचा इथे खरी गोष्ट सुरू होते, आणि मी आरएमसी प्लांटमध्ये, म्हणजे तयार काँक्रीट बनवून साइटला पाठवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला असल्यामुळे मला त्यात फार रस आहे. माझं रोजचं काम म्हणजे स्लम्प बघायचा, म्हणजे ओलं काँक्रीट किती सैल आहे ते, मग त्याचे क्यूब, म्हणजे चौकोनी नमुने भरायचे, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडायचे, किती भार घेतला ते लिहायचं. काँक्रीटने उष्णता किती घेतली हे आम्हाला कोणी विचारत नाही.

आमच्या शेजारचे काका रबाळ्याला एका कंपनीत बॉयलर अटेंडंट आहेत. त्यांना हे मी उत्साहाने सांगायला गेले तर ते म्हणाले, "अगं, सोलर दिवसा चालतं. आम्हाला वाफ रात्रपाळीला पण लागते, तिथे काय करणार?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायचं म्हणून मी हे सगळं नीट वाचलं, आकडेमोड केली, तेच इथे सोपं करून लिहितेय.

आधी उष्णता साठवणं म्हणजे काय ते बघू. घरातला १५ लिटरचा गिझर पाणी २५ अंशावरून ६५ अंशावर नेतो तेव्हा त्यात साधारण ०.७ युनिट ऊर्जा साठते, तेच आपलं विजेच्या बिलातलं युनिट. आता एक घनमीटर काँक्रीट घ्या, वजन सुमारे २४०० किलो. ते ४०० अंशाला तापवलं आणि २०० अंशापर्यंत गार होऊ दिलं तर त्यातून साधारण १२० युनिट उष्णता निघते. किलोला किलो लावून बघितलं तर पाणी काँक्रीटच्या चौपटीहून जास्त उष्णता धरतं, हे खरंय, पण पाणी शंभरला उकळतं, त्याच्या पुढे न्यायचं तर प्रेशर व्हेसल आलं, त्याची जाडी आली, इन्स्पेक्शन आलं, खर्च आला. काँक्रीट एका जागी गप्प बसतं. गळत नाही, उकळत नाही. कारखान्याला लागणारी वाफ दीडशे-दोनशे अंशाची असते, म्हणून पाण्याच्या टाकीपेक्षा इथे ठोकळा कामाचा.

सूर्याची उष्णता थेट गोळा करायची पद्धत आपल्याकडे नवी नाही. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सोलर डिश बसवल्यात, आरशांनी ऊन एका जागी गोळा करून त्याची वाफ बनते आणि त्या वाफेवर हजारो लोकांचं जेवण शिजतं. राजस्थानात अबू रोडला ब्रह्माकुमारींचा 'इंडिया वन' नावाचा १ मेगावॅटचा प्रकल्प आहे, तिथे ७७० मोठ्या डिश आहेत आणि उष्णता बिडाच्या ठोकळ्यांत साठवून रात्री पण वीज काढतात. स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळच्या अँडासोल प्रकल्पात तर एकेका ५० मेगावॅटच्या युनिटला सुमारे २८,५०० टन वितळलेलं मीठ लागतं, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण, ज्यावर टर्बाइन सूर्य मावळल्यावर साडेसात तास चालतं.

हे मीठ म्हणजे आजचा मुख्य मार्ग. काम उत्तम करतं, पण त्याची एक खोड आहे, २२०-२४० अंशाच्या खाली आलं की ते गोठायला लागतं. म्हणजे पाइपात मीठ थिजलं की सगळं बंद, म्हणून थंडीत, ढगाळ दिवसांत पाइपांना हीटर लावून ते गरम ठेवावं लागतं. वरच्या बाजूला ५६५ अंशाच्या आसपास थांबावं लागतं, त्यापुढे ते मोडायला लागतं. काँक्रीटच्या ठोकळ्याला गोठायची भीती नाही, आठवडाभर पावसाने सूर्य दिसला नाही तरी तो फक्त गार होतो, नंतर परत तापवा.

इथे एक गोष्ट लोक नेहमी गोंधळतात. उष्णतेतून वीज करताना साधारण ३५-४० टक्केच हाताला लागते, बाकीची वाया जाते. म्हणून काही जण म्हणतात की ठोकळ्यात साठवणं म्हणजे नुकसान. पण सोलर थर्मल प्रकल्पात उष्णता ही टर्बाइनच्या आधीच साठवलेली असते, तो तोटा साठवलं काय आणि न साठवलं काय, तेवढाच होणार असतो, साठवणीमुळे वेगळं फारसं जात नाही. याउलट पॅनलची तयार वीज घेऊन ती ठोकळ्यात तापवून परत वीजच करायची म्हटलं तर मात्र ते चुकीचं काम आहे, त्याला बॅटरी कितीतरी बरी, ती ८५-९० टक्के परत देते. माझं स्पष्ट मत असं की वीज हवी तर बॅटरी घ्या, उष्णता हवी तर उष्णताच साठवा. आणि जगातल्या उद्योगांना लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्याच रूपात लागते, ठाणे-बेलापूर रोडवरच्या चिमण्या बघितल्या की हे पटतं.

आता ठोकळा. आत लोखंडी ट्यूबा ओळीने ठेवायच्या, त्याभोवती काँक्रीट ओतायचं, ट्यूबांतून गरम तेल, वाफ किंवा हवा फिरवायची. आपल्याकडे थर्मिक फ्लुइड हीटर खूप कंपन्यांत असतात, त्यातल्यासारखंच तेल. दिवसा गरम तेल आत जाऊन ठोकळा तापवतं, रात्री गार तेल आत जातं आणि गरम होऊन बाहेर येतं. जर्मनीच्या डीएलआर या संस्थेने २००८ पासून स्टुटगार्टला असा २० घनमीटरचा ठोकळा ४०० अंशापर्यंत तापवून-गार करून तपासला. नॉर्वेच्या एनर्जीनेस्ट कंपनीने अबुधाबीत मसदरला चाचणी केली. अमेरिकेत अलाबामातल्या गॅस्टन वीजकेंद्रात काँक्रीटच्या ठोकळ्यांचा मोठा प्रयोग झाला. म्हणजे हे कागदावरचं राहिलेलं नाही.

पण या बहुतेक ठिकाणी वापरलं ते पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचंच काँक्रीट, फक्त खास बनवलेलं. आणि साध्या सिमेंटला उष्णता मुळात मानवत नाही. कारण सिमेंट घट्ट होतं ते पाण्यामुळे. लोक म्हणतात सिमेंट "सुकलं", पण ते सुकत नाही, ते पाणी पिऊन दगड होतं, पाणी त्याच्या अंगाचाच भाग बनून जातं. म्हणून तर आम्ही क्युरिंग करा, पाणी मारत राहा म्हणून साइटवाल्यांच्या मागे लागतो. मग असं काँक्रीट तापवलं की काय होणार? शंभर अंशाच्या पुढे आधी मोकळं पाणी जातं, मग अंगातलं पाणी निघायला लागतं आणि गोंद अशक्त होत जातो. ४५० अंशाच्या आसपास आणखी एक गोष्ट होते, सिमेंटमध्ये जो विझलेला चुना तयार झालेला असतो तो पाणी टाकून परत कळीचा चुना होतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो कसा फुगतो, उकळतो, वाफा सोडतो, ते जुन्या लोकांनी घर रंगवताना बघितलंय. तापलेलं काँक्रीट गार झालं आणि त्याला आपल्या जुलैची दमट हवा लागली की आतला हा चुना हळूहळू हवेतलं पाणी ओढून फुगतो, आणि काँक्रीट आतून तडकतं. तापताना टिकलं ते गार झाल्यावर फुटलं, असं होतं. आणि आपला ठोकळा तर वर्षाला तीनशे वेळा तापणार आणि गार होणार.

दुसरी भानगड म्हणजे लाह्या. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात त्या का? दाण्यात ओल असते, वरचं साल घट्ट, आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, शेवटी दाणा फुटतो. काँक्रीट झपाट्याने तापवलं तर नेमकं हेच होतं, पृष्ठभागाचे टवके उडतात, आग लागलेल्या इमारतीत खांबाचे कोपरे उडालेले दिसतात ते यामुळेच. उपाय म्हणून काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे मिसळतात, ते १६०-१७० अंशाला वितळून जातात आणि त्यांच्या जागी सुईसारख्या वाटा उरतात, वाफ तिथून निघून जाते. मला ही युक्ती फार आवडते, धागा स्वतः वितळून वाफेला वाट करून देतो.

आणि तिसरं, कार्बन. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत साधारण १४५० अंशाला भाजतात. चुनखडीतच कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो, १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि ५६ किलो चुना उरतो. भट्टीला लागणारा कोळसा वेगळाच, म्हणजे उद्या भट्टी पूर्ण सोलरवर चालवली तरी हे ४४ किलो जाणारच, ते दगडातूनच येतात. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के सिमेंटमुळे होतो. मी रोज शेकडो पोती सिमेंट सायलोतून जाताना बघते, त्यामुळे हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही. प्रदूषण कमी करायला सोलरची उष्णता साठवायची आणि त्यासाठी हजारो घनमीटर सिमेंट ओतायचं, हे मनाला पटत नाही.

म्हणून जिओपॉलिमर. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे, सिमेंट न वापरता केलेलं काँक्रीट. सिमेंटच्या जागी फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची बारीक राख, किंवा लोखंडाच्या भट्टीची मळी दळून केलेली जीजीबीएस, किंवा भाजलेली चिनी माती. पाण्याच्या जागी कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचं द्रावण. खडी-वाळू तीच. १९५०च्या दशकात कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी भट्टीच्या मळीवर अल्कली टाकून बांधकामाचं साहित्य केलं होतं. पुढे फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोव्हिट्स यांनी १९७०च्या दशकात यावर काम केलं आणि जिओपॉलिमर हे नाव त्यांनीच दिलं. त्यांची सुरुवात बांधकामापासून नव्हतीच, फ्रान्समध्ये त्या वर्षांत मोठ्या आगी लागल्या होत्या आणि न जळणारं काहीतरी बनवायचं म्हणून ते कामाला लागले. म्हणजे उष्णता सोसणं हा या पदार्थाचा मूळ हेतूच आहे.

आत काय होतं ते आपल्या खाडीतल्या कोळ्यांच्या जाळ्यावरून समजून घ्या. राखेच्या बारीक काचेसारख्या गोळ्यांमध्ये सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम असतं. कॉस्टिक ती काच विरघळवतं, सुटे झालेले सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम मग ऑक्सिजनच्या मार्फत एकमेकांना गाठी मारत जातात आणि सगळीकडे पसरलेलं एक घट्ट जाळं तयार होतं, सोडियम त्या जाळ्यात मध्ये मध्ये बसून तोल सांभाळतो. पाणी इथे फक्त मिसळायला, गाठी मारायला मदत म्हणून लागतं. साध्या सिमेंटच्या जाळ्यात पाणी हा धाग्याचाच भाग असतो, ते काढलं की धागा तुटतो. जिओपॉलिमरच्या जाळ्यात पाणी हे जाळं वर ओढल्यावर निथळून जाणाऱ्या पाण्यासारखं, गेलं तरी गाठी जागच्या जागी. आणि कळीच्या चुन्याची भानगड तर राखेच्या जिओपॉलिमरमध्ये जवळजवळ नाहीच, कारण त्यात कॅल्शियमच थोडं असतं. म्हणून साधं काँक्रीट चारशेच्या पुढे डगमगायला लागतं तिथे हे पाचशे-सहाशे अंशापर्यंत नेता येतं, कधीकधी तर तापवल्यावर आधी न विरघळलेली राख आणखी घट्ट जमून ताकद वाढल्याचं पण दिसतं. स्पेनमध्ये सॅन सेबॅस्टियनला सोलर उष्णतेच्या साठवणीसाठी नेमकं जिओपॉलिमर काँक्रीटच तपासलं गेलंय.

आता जो भाग मला सगळ्यात जवळचा, तो खडीचा. ठोकळ्यात सत्तर-पंच्याहत्तर टक्के तर खडी आणि वाळूच असते, उष्णता मुख्यतः तीच धरते, पण बोलतात सगळे सिमेंटवर. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर असतं आणि क्वार्ट्झची एक सवय आहे, ५७३ अंशाला त्याच्या स्फटिकाची रचना अचानक बदलते आणि ते एकदम फुगतं. रोज वर-खाली जाताना हा धक्का बसला तर काँक्रीट खिळखिळं होणार. आपल्याकडे पारसिकच्या डोंगरापासून सह्याद्रीपर्यंत सगळा काळा दगड, बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. हजार अंशाच्या वरून गार होऊन तो दगड बनलाय, चारशे-पाचशेचं त्याला काय, आणि त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. शिवाय इकडच्या प्लांटमध्ये आता रेती कमी झाली, बहुतेक सगळे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू वापरतात आणि ती पण त्याच काळ्या दगडाची. म्हणजे खडीही बेसॉल्ट, वाळूही बेसॉल्ट. दुसरीकडे ज्यासाठी मुद्दाम दगड शोधून आणावा लागेल तो माझ्या यार्डात ढीग लावून पडलाय.

बाकीचा माल पण लांब नाही. भट्टीच्या मळीचं जीजीबीएस पेणजवळच्या डोलवीहून येतं, राख डहाणू, नाशिकच्या वीजकेंद्रांतून येऊ शकते. देशात वर्षाला वीस कोटी टनांहून जास्त राख तयार होते. बरीच सिमेंटमध्ये, विटांमध्ये जाते, तरी तळ्यांत साचून राहिलेली कमी नाही. नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळ्याच्या राखेच्या बंधाऱ्याला जुलै २०२२ मध्ये भगदाड पडून राख आणि पाणी आसपासच्या गावांत, शेतांत शिरलं होतं. ती राख कुठेतरी पक्की बांधली गेली तर त्या गावांचं भलंच होईल.

अडचणी पण सांगते, आणि त्या खऱ्या आहेत. राखेचं जिओपॉलिमर साध्या हवेत फार सावकाश घट्ट होतं, त्याला २४ तास ६० ते ८० अंशाला ठेवावं लागतं. जीजीबीएस घातलं की हे काम खोलीच्या तापमानाला होतं, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. पण जीजीबीएसमध्ये कॅल्शियम जास्त, कॅल्शियम आलं की परत पाणी धरून ठेवणारा गोंद तयार होतो, आणि मग तापल्यावर त्रास. म्हणजे जे साइटवर सोपं पडतं ते भट्टीत कमी टिकतं. साठवणीच्या ठोकळ्यासाठी मी तरी राख जास्त, जीजीबीएस थोडं आणि कारखान्यातच वाफेवर क्युरिंग असंच धरेन. भारतीय मानक ब्युरोने २०२० मध्ये अल्कलीने घट्ट केलेल्या काँक्रीटसाठी आयएस १७४५२ काढलं ते पण प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यात ओतून तयार केलेल्या मालासाठी आहे, आणि ते योग्यच, कारण कॉस्टिकचं काम उघड्या साइटवर करायचंच नाही. १० मोलर द्रावण म्हणजे लिटरला ४०० ग्रॅम कॉस्टिक, ते विरघळताना भांडं हात लावू देत नाही इतकं तापतं, डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी कधीही कॉस्टिकवर ओतायचं नाही, गॉगल आणि रबरी हातमोजे असल्याशिवाय जवळ जायचं नाही. आमच्याकडे काम करणारी पोरं लुंगीवर, चपलेवर मिक्सर धुतात, त्यांच्या हातात हे द्रावण सुरक्षा न देता देणं म्हणजे गुन्हा आहे असं मला वाटतं.

कार्बनचा हिशेब पण नीट करायला हवा. राख फुकट मिळाली म्हणून सगळं स्वच्छ झालं असं नाही. सोडियम सिलिकेट बनवायला वाळू आणि सोडा अ‍ॅश हजार अंशाच्या वर वितळवावे लागतात, कॉस्टिक बनवायला मिठाच्या पाण्यातून भरपूर वीज सोडावी लागते. म्हणून साध्या काँक्रीटच्या तुलनेत बचत किती याचे अभ्यासातले आकडे जेमतेम ९-१० टक्क्यांपासून थेट ८० टक्क्यांपर्यंत पसरलेत, रेसिपी कोणती, सिलिकेट किती, वीज कुठली, माल किती लांबून आला यावर सगळं ठरतं. सरसकट "ऐंशी टक्के कमी कार्बन" असं कोणी ब्रोशरमध्ये लिहिलं तर मिक्स डिझाइन, म्हणजे कशात काय किती घातलं त्याचा कागद मागा.

आणखी दोन गोष्टी. काँक्रीट उष्णता वाहून नेण्यात मंद आहे, लोखंडाच्या पंचवीस-तीसपट मंद, म्हणून ट्यूबा जवळ जवळ ठेवाव्या लागतात आणि खर्चाचा मोठा वाटा ट्यूबांचाच होतो. आणि लोखंड तापलं की वाढतं, १० मीटरची ट्यूब ३०० अंशांनी तापली की साधारण ३६ मिलिमीटर लांब होते, काँक्रीट जर तेवढंच वाढलं नाही तर दोघांमध्ये फट पडते आणि उष्णता जायची वाटच तुटते. बेसॉल्टचं काँक्रीट लोखंडापेक्षा थोडं कमी वाढतं, तेव्हा डिझाइनमध्ये हे धरावं लागतं.

आता काकांचा प्रश्न. ठाण्यात, नवी मुंबईत आरशांचा प्रकल्प उभा करा असं मी म्हणणार नाही, आरशांना थेट, स्वच्छ ऊन लागतं, आपल्या हवेत दमटपणा आणि धूळ इतकी की ऊन विखरून जातं, आणि चार महिने तर पाऊसच. तो मान राजस्थानचा. पण ठोकळ्याला ऊन थेटच मिळालं पाहिजे असं कुठे आहे? दिवसा पॅनलची वीज घेऊन हीटरने तापवला तरी चालतो, विजेची उष्णता करताना काही वाया जात नाही. भारताची सोलर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली, दुपारी वीज भरपूर असते आणि संध्याकाळी सगळ्यांना एकदम हवी असते. फक्त एक अट, वीज दुपारच्या सोलरचीच हवी. रात्री कोळशाची वीज घेऊन ठोकळा तापवला तर ते बॉयलरमध्ये थेट गॅस जाळण्यापेक्षा वाईट, कारण वीजकेंद्रात कोळशाची बरीचशी उष्णता आधीच वाया गेलेली असते.

मग हिशेब. तासाला एक टन वाफ, म्हणजे लहान बॉयलर. त्याला तासाला साधारण ६८० युनिट उष्णता लागते, आठ तासांच्या रात्रपाळीला सुमारे ५४०० युनिट. घनमीटरला १२० धरले तर ४५ घनमीटर काँक्रीट. आमच्या भाषेत सात-आठ ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट फिरवत नेणाऱ्या गाड्या, बस. जेएनपीटीकडे जाणारे चाळीस फुटी कंटेनर बघता ना, तेवढ्या एका कंटेनरच्या पोटात हे मावेल, बाहेरचं इन्सुलेशन धरून थोडं मोठं. वजन मात्र १०८ टन, आणि इथली बरीच जमीन खाडीची, खाली चिकट माती, त्यामुळे फाउंडेशन बघूनच करावं लागेल, काही ठिकाणी पायलिंगशिवाय भागणार नाही. ठोकळा मावायला जागा आहे, अडचण पॅनलच्या जागेची. रोजचे ५४०० युनिट मिळवायला साधारण १४०० किलोवॅटचे पॅनल लागतील, म्हणजे साडेतीन एकरांच्या जवळपास छप्पर. एमआयडीसीतल्या लहान कंपनीचं पत्र्याचं छप्पर एवढं नसतं. तेव्हा वीज ओपन अ‍ॅक्सेसने (म्हणजे थेट उत्पादकाकडून, ग्रिडच्या तारांवरून) बाहेरच्या सोलर पार्कमधून दुपारी घ्यायची आणि इथे ठोकळ्यात भरायची, असंच जमेल. ज्यांना ८०-९० अंशाचं गरम पाणीच हवंय त्यांनी याच्या मागे लागू नये, त्यांना हीट पंप स्वस्त पडेल.

हे सगळं मी काकांना वहीत काढून दाखवलं. त्यांनी आकडे दोनदा वाचले, मग पहिला प्रश्न, "दोनशेलाच का थांबलीस? अजून गार होऊ दे ना, जास्त निघेल." मी म्हटलं, तुमच्या १० किलो प्रेशरची वाफ १८४ अंशाला बनते, ठोकळा त्याच्या जवळ आला की पाणी उकळवायला जोरच उरत नाही, म्हणून वर थोडी जागा सोडली. हे त्यांना लगेच पटलं. मग मी लाह्यांची गोष्ट सांगितली, की नवीन ठोकळा पहिल्यांदा तापवताना अगदी सावकाश तापवावा लागतो, शंभरच्या आसपास बराच वेळ थांबून आतलं पाणी जाऊ द्यावं लागतं, घाई केली तर पहिल्याच दिवशी टवके उडतात, आणि यासाठी माणसं कुठून शिकवून आणायची हा मला प्रश्न पडलाय.

काका म्हणाले, "त्यात शिकवायचं काय? बॉयलरला नवीन रिफ्रॅक्टरी, म्हणजे आतलं उष्णता सोसणारं अस्तर, लावलं की आम्ही तेच करतो. तीन-चार दिवस मंद जाळ, तासाला किती अंश चढवायचे ते चार्टवर लिहिलेलं असतं, मध्ये एका जागी थांबायचं, मग पुढे. रात्री एक माणूस फक्त त्याच्यावर बसवायचा." मग वहीवरच त्यांनी पेन घेतलं आणि मला तो चार्ट काढून दिला, तासाला किती, कुठे थांबायचं, कुठे परत चढवायचं. तो कागद मी लॅबमध्ये ओव्हनच्या शेजारी लावलाय, राखेचे सहा क्यूब काळ्या दगडाच्या खडीत भरून ठेवलेत, क्युरिंग झालं की त्याच चार्टने तापवणार आहे.